भूकंपाच्या कोंबड्या आणि जलीलभाई पट्टीबंधक

आधीच सांगते, जलीलभाई डॉक्टर न्हाईत. सरकारी कागदावर ते पट्टीबंधक. म्हणजे लातूरच्या जनावरांच्या दवाखान्यात साहेबांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैलाचे पाय धरायचे, अन् साहेब मीटिंगला गेले की सगळंच करायचं. साहेब कायम मीटिंगला असायचे. त्यामुळं सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं अन् ते दर वेळी थांबून सांगायचे, "डॉक्टर नक्को म्हणू बा, पट्टीबंधक म्हण." कोण म्हणतंय? तोंडात बसायला पाहिजे ना तो शब्द.

मी पारूबाई. क्लासच्या गल्लीत माझी खानावळ होती. दोन टायमाला दीडशे पोरं जेवायची. भाजीत मीठ कमी हाय म्हणणारा पोरगा दुसऱ्या दिवशी दुसरी खानावळ शोधायचा, कारण मी ऐकून घेत न्हाई. मागच्या अंगणात माझ्या गावरान कोंबड्या होत्या, अन् त्यांच्यामुळं जलीलभाईंचं येणंजाणं.

मूळचे ते कंधारचे. बाप भांड्यांना कल्हई करायचा. किल्लारीचा भूकंप झाला तव्हा नांदेडकडनं जनावरांच्या इलाजाला माणसं पाठवली, त्यांत हे आले. महिन्यासाठी आले अन् लातूरलाच राहिले. त्यांच्या बायकू जन्नतबी भाभी म्हणायच्या, बदलीची ऑर्डर साहेबांबरोबर मीटिंगला गेली ती परत आलीच न्हाई.

माणूस भला, पण एक खोड होती. जनावराचं तोंड ते कधी आधी बघायचे न्हाईत. "आधी हगवण दाखवा," म्हणायचे. खिशात कायम काड्यापेटीच्या रिकाम्या डब्या, अन् त्यांत काय असायचं ते तुम्हीच समजा. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या बापाला बिडी पेटवायला चुकून तीच डबी दिली. लग्न राहिलं बाजूला, व्याही पंगतीतनं उठले, अन् हे म्हणतात, "अरे ती परत द्या, अजून तपासायची हाय."

माझ्या घरी आले की दारातनं "जयभीम आक्का", मी म्हणायची "सलाम भाई", अन् ते सरळ मागच्या अंगणात. चहा थंड होईस्तोवर खुराड्यापाशी उकिडवे. मी लई चिडायची. माणसाची विचारपूस आधी करावी का कोंबडीच्या घाणीची?

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिच्यापायी घडली. बुद्धप्रिया माझी एकुलती एक. भूकंप झाला तव्हा आजीकडं, म्हणजे माझ्या माहेरी गेलेली, बारा वर्षांची. दगडामातीचं घर बसलं. माझी माय गेली. पोरगी अकरा तास खाली होती, अन् तिच्या शेजारी एक बकरी. बकरी वरडली म्हणून लोकांनी बकरीसाठी उकरलं, तर खाली माझी लेक सापडली. बकरीचा पाय मोडलेला, तो जलीलभाईंनी बांधला. आमची वळख तिथली.

तव्हापासून पोरगी स्लॅबखाली बसेना. आम्ही पत्र्याच्या घरात राहिलो. शाळेत ती खिडकीबाहेर वट्यावर बसून शिकली, मास्तर चांगले म्हणून. हुशार इतकी की बाहेर बसून पहिली यायची. पण बारावीच्या बोर्डाची परीक्षा काही वट्यावर होत न्हाई. परीक्षेचं सेंटर म्हणजे तीन मजली सिमेंटची इमारत. तिथं तीन तास बसली तर पोरगी डॉक्टर हुईल, न्हाई बसली तर माझ्याबरोबर पोळ्या लाटील. मला दुसरी काळजी नव्हती बघा. तीच एक होती.

त्याच काळात लातूरला क्लासचं पीक आलं. धर्माबाद, बिलोली, देगलूर, कुठनं कुठनं पोरं यायची. आईबाप यायचे अन् पहिलं इचारायचे, बिल्डिंग टिकंल का? रिझल्ट नंतर. आमच्या समोरच्या क्लासचे मालक हणमंतराव, त्यांनी यावर डोकं चालवलं. भूकंपाच्या आदल्या सांजेला कोंबड्या खुराड्यात गेल्या न्हाईत असं लोक बोलायचे. झालं. हणमंतरावांनी माझ्याकडनं बारा तलंगा नेल्या, अजून अंड्यावर न आलेल्या, गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जाळी मारून ठेवल्या, अन् माहितीपत्रकात छापलं: अनुभवी प्राध्यापक, स्वतंत्र अभ्यासिका, भूकंपसूचक कोंबड्या.

हसू नका. तीनशे पोरं वाढली त्या साली. पोरांच्या पाळ्या लावल्या, तासातासाला गच्चीवर जायचं अन् वहीत लिहायचं: दाणा खाल्ला का, पाणी प्याल्या का, आवाज कसा, चाल कशी. पलीकडच्या क्लासनं आठ दिवसांत गाढव आणून बांधलं. त्याच्याही वहीत तेच रकाने. गाढव दिवसातनं चारदा वरडायचं अन् चारदा सगळा क्लास जिन्यावर. शेवटी गाढव काढून टाकलं, पण वही चालू ठेवली म्हणे.

आणि बुद्धप्रिया? तिनं कोंबड्यांचं ऐकलं, एकटीच उठली, समोर गेली, पहिल्या मजल्यावर, स्लॅबखाली, बाकावर जाऊन बसली. पाच वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन म्हणाली, "माय, वर कोंबड्या हायत ना, त्या सांगतील." मी त्या दिवशी दीडशे पोरांना शिरा वाढला. कारण कुणाला सांगितलं न्हाई. म्हणून मी त्या हणमंतरावाला येडा म्हणत न्हाई. बाकी सगळं म्हणते.

जानेवारीत, परीक्षेला पाच आठवडे उरलेले असताना, सकाळच्या पाळीचा पोरगा गच्चीवर गेला तर बाराच्या बारा कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा. पंख पाडलेले, अंग फुगवलेलं, मान आत, डोळे मिटलेले. दाण्याला तोंड न्हाई. पोरानं वहीत लिहिलं, "सर्व कोंबड्या गंभीर," अन् खाली येऊन घंटी हाणली.

काय ते रामायण! अर्ध्या तासात चारशे पोरं गाद्या अन् नोट्स घेऊन मैदानावर. त्यांचं बघून पलीकडचा क्लास. त्यांचं बघून बँकेचा शिपाई कुलूप लावून बाहेर. दुपारपर्यंत धर्माबादहून जीप भरून पालक आले. माझी दीडशे ताटं मैदानात न्यावी लागली, अन् वर पोरं म्हणतात, "मावशी, भूकंप येईस्तोवर भाकरी गरम ठेवा." एकेकाला लाटण्यानं फोडावं वाटलं.

बुद्धप्रिया अंगणात आली अन् मधोमध बसली. पुस्तक मांडीवर, पण पान उलटत न्हाई. नजर समोरच्या गच्चीवर.

हणमंतरावांनी जलीलभाईंना बोलावलं. इलाजाला न्हाई, दाखल्याला. "डॉक्टर, तुम्ही फक्त लिहून द्या, किती तासांत येईल."

"काय येईल?"

"भूकंप!"

"आधी हगवण दाखवा," जलीलभाई म्हणाले.

गच्चीवर गेले, मी मागोमाग. टाकी वरून गळत होती, खालचा भुसा ओलाचिंब, पाय ठेवला तर पचपच. जलीलभाई उकिडवे बसले, काडीनं उकरलं, वास घेतला, अन् त्यांचा चेहरा असा खुलला की मी म्हणलं ह्या माणसाला पगारवाढ झाली का काय. "रक्त हाय आक्का. रक्ती हगवण. भूकंप बिकंप काई न्हाई."

खाली येऊन त्यांनी चारशे पोरांना अन् पालकांना समजावलं. की हा एक जंतू असतो, डोळ्याला दिसत न्हाई. ओल्या भुशात वाढतो, कोंबडी भुसा टोचती, तो आतड्यात जाऊन घर करतो, आतडं सोलून काढतो. अन् लहान कोंबडीला जास्त धरतो. इलाज सोपा हाय. पाण्यात पावडर द्यायची, पाच दिवस तेच पाणी, दुसरं पाणी समोर ठेवायचं न्हाई. मग आठवडाभर निम्म्या ताकदीनं. भुसा सगळा काढायचा, चुना मारायचा, टाकी दुरुस्त करायची. "पाच म्हणजे पाच," ते बोटं दाखवून म्हणाले. "तिसऱ्या दिवशी कोंबडी उठती अन् लोक औषध थांबवतात. मग चौथ्या दिवशी माझ्या नावानं बोंब."

मी खाली बघितलं. मागल्या साली मी तेच केलं होतं.

एवढं सांगितल्यावर लोकांनी घरी जावं का न्हाई? बिलोलीचे व्यंकटराव म्हणून एक पालक उभे राहिले. टोपी सारखी करून म्हणाले, "डॉक्टर, औषध दिल्यावर कोंबड्या बऱ्या होणार ना?"

"हाव."

"मग भूकंप आला तर आमाला कसं कळावं? तुम्ही तर घंटीलाच औषध पाजून राहिले!"

टाळ्या पडल्या हो! टाळ्या! मी डोक्याला हात लावला. मैदानावर तीन तास सभा चालली. एक गट म्हणे औषध द्या, एक गट म्हणे परीक्षा होईस्तोवर देऊ नका. हणमंतरावांनी तोडगा काढला, ते विज्ञानाचे ना. सहा कोंबड्यांना औषध द्यायचं, सहांना द्यायचं न्हाई, अन् फरक बघायचा.

जलीलभाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. "तुमच्या क्लासात पोरांना हगवण लागली तर निम्म्याच बाकांना गोळी द्याल का? मरतील त्या सहा!" ते सरळ वर गेले, बाराही कोंबड्यांसमोर औषधाचं पाणी ठेवलं अन् जेवायला खाली उतरायचे तेवढं सोडलं तर भांड्यापाशीच बसून राहिले. दवाखान्यात रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं, "भूकंप थांबवणे." साहेब मीटिंगला होते, शिपायानं मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन कोंबड्या मेल्या. जलीलभाई चक्रावले. औषध बरोबर, माप बरोबर, मग? जाळीच्या मागं बघितलं तर पितळेची वाटी, साध्या पाण्यानं भरलेली. कोंबड्या कडू पाणी सोडून तेच पीत होत्या. वाटी माझ्या खानावळीतली.

मी समजले. जिना उतरले ती तडक पोरीपुढं. तिनं मान वर केली न्हाई. म्हणाली, "औषध पिऊन त्यांनी बऱ्या असल्याचं नाटक केलं तर, माय? मला खरं कळायला पाहिजे." मी हात उचलला होता. जलीलभाईंनी मागनं येऊन धरला.

"नक्को आक्का. पोरगी चुकीचं बोलत न्हाई. तिला तपासायचंय, तपासू द्या." तिच्यापुढं उकिडवे बसले. "बुद्धप्रिया बेटा, कोंबडी नाटक करंल, तिची हगवण करत न्हाई. रोज तू बघायची. तू लिहायचं. मी हात लावणार न्हाई."

अन् बारावीची पोरगी, परीक्षा तोंडावर, रोज दोनदा गच्चीवर जाऊन कोंबड्यांची घाण काडीनं उकरायला लागली. तिसऱ्या दिवशी कोंबड्या उठल्या, दाण्यावर तुटून पडल्या. मैदानावरची पोरं गाद्या उचलून आत गेली, व्यंकटराव जीपमध्ये बसताना जलीलभाईंच्या गळ्यात हार घालून गेले, भूकंप थांबवल्याबद्दल. गल्लीतल्या तीन क्लासनी ती पावडर मागितली, स्टॉकमध्ये ठेवायला. पोरांना पाजली तर चालंल का असंही एकानं इचारलं. पण जलीलभाई अन् माझी लेक पाच दिवस पाणी बदलत राहिले. मग आठवडाभर निम्म्या ताकदीनं. भुसा जाळला, चुना मारला, टाकीला नवा व्हॉल्व. दहाच्या दहा जगल्या.

तरी परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरगी म्हणाली, "क्लासवर कोंबड्या हायत. सेंटरवर कुठं हायत?"

सगळं करून परत तिथंच. जलीलभाई दारात होते, जयभीम म्हणायचं राहून गेलं. म्हणाले, "तुझा नंबर कुठं आलाय?" पहिला मजला, खिडकीची बाजू, रस्त्यावर. "समोर सायकलच्या दुकानाची पडवी हाय. मी कोंबडी घेऊन उभा राहतो. ती खातीये तोवर तू लिही."

"दाणे खाल्लेले दिसले पाहिजेत."

"दिसतील."

सात पेपर, सात दिवस. पट्टीबंधकाचा खाकी शर्ट घालून, काखेत कोंबडी, मुठीत ज्वारी, सायकलच्या दुकानाच्या जुन्या दगडामातीच्या भिंतीला लागून तो माणूस तीन-तीन तास उभा राहिला. तिसऱ्या पेपरला कॉपी पकडणारं पथक आलं. बाकी सेंटरवर खिडकीखाली पोरं चिठ्ठ्या फेकतात, इथं म्हातारा कोंबडी दाखवतोय म्हणल्यावर पथकाच्या साहेबाला संशय. खुणा असणार! एक दाणा म्हणजे पहिला पर्याय, दोन दाणे म्हणजे दुसरा. पंख उचलून चिठ्ठी शोधली. कोंबडी घाबरली अन् साहेबाच्या बाहीवर हगली. जलीलभाई वाकले, बारीक बघितलं अन् म्हणाले, "एकदम चांगली हाय साहेब. अभिनंदन." साहेबानं पेनानं वहीत काहीतरी लिहिलं अन् जीपमध्ये जाऊन बसला.

बुद्धप्रिया लिहीत होती. रोज घरी येऊन जेवत होती, हसत होती. मी तर कोंबडीची दृष्ट काढायची.

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा. दुपारी एक वाजून गेलेला. मी खानावळीत पातेल्यावरचं झाकण काढत होते अन् ते झाकण आपोआप वाजायला लागलं. मांडणीवरची भांडी किणकिणली. जमीन सरकली. चार-पाच सेकंद असंल, जास्त न्हाई. पण लातुरात त्या चार सेकंदाला काय म्हणतात ते लातूरकरालाच इचारा. मी अनवाणी पळाले.

सेंटरच्या जिन्यावर पोरांची चेंगराचेंगरी झालेली. कुणाचा हात मोडला, कुणाच्या डोक्याला खोक. चपलांचा खच. मी एकेक चेहरा बघितला, माझी लेक त्यांत न्हाई. पर्यवेक्षक बाई मैदानात रडत होत्या. कुणीतरी बोट दाखवलं, वर एक पोरगी हाय. मी वर बघितलं. सगळ्या वर्गात एकटी बुद्धप्रिया, मान खाली, लिहून राहिली होती. समोर जलीलभाई भिंतीला लागून उभे. कोंबडी काखेत.

पोरं परत बसवली, वेळ वाढवून दिला, पेपर झाला. इमारतीला साधी चीर न्हाई. गल्लीभर एकच बोलणं, कोंबडी खात होती म्हणून पोरगी बसली! हणमंतरावांनी संध्याकाळच्या आत नवं माहितीपत्रक छापायला टाकलं.

चार वाजता जलीलभाई माझ्या दारात आले. आत येईनात. कोंबडी अजून काखेत, शर्ट मळलेला, हातावर ओरखडे, रक्त निघालेलं. मी म्हणलं, "या की भाई, आज काय झालंय तुम्हाला?"

"आक्का, मला मारा."

"का?"

"कोंबडी खात नव्हती." "हादरा बसला तशी ती फडफडली, सुटायला बघू लागली. मी दोन्ही हातांनी दाबून धरली. मान मुठीत घालून दाण्यावर टेकवली, पोरीला दिसावं म्हणून. जिन्यावर पोरं पडताना दिसून राहिली होती मला, म्हणलं हिनं त्यात जाऊ नये. तेवढंच डोक्यात आलं. छत आलं असतं खाली तर, आक्का? मी पोरीला फसवून छताखाली बसवलं."

माझं डोकं सणकलं. अकरा तास उकरून काढलेली माझी लेक, अन् ह्या माणसानं एका कोंबडीची मान दाबून तिचा जीव पणाला लावला! मी पायरी उतरून त्यांच्यापर्यंत गेले, हात उचलला.

"माय, थांब." बुद्धप्रिया मागं उभी. "मला माहीत हाय. तिचा पंख बाहेर आला होता. मला वरनं दिसलं."

"दिसलं? मग पळाली कामून न्हाईस, मेले?"

"पळणारच होते. उठले पण होते. मग चाचांकडं बघितलं. ते त्या जुन्या भिंतीखाली उभे होते, माय. वरनं माती पडत होती त्यांच्या डोक्यावर. थरथर कापत होते, पण तिथनं हलले न्हाईत. म्हणलं, ते माझ्यासाठी भिंतीखाली उभे राहतात तर मी बसते. दोन प्रश्न राहिले होते."

जलीलभाईंनी वर डोक्यावर हात फिरवला तर खरंच केसांत माती. त्यांना ते आत्ता कळलं असावं. तिथंच पायरीवर बसले अन् लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले, कोंबडी छातीशी धरून.

मला लई राग आला होता, अन् लई रडू येत होतं, अन् दोन्हीतलं आधी काय बाहेर काढावं ते कळंना. मी त्यांना एक कचकचीत शिवी दिली. अन् खाली वाकून त्यांच्या पाया पडले.